दाणा भरतो तेव्हा

डिसेंबर-जानेवारीत सोलापूर, नगर, बीडकडच्या काळ्या रानात रब्बी ज्वारीची कणसं चिकात येतात. दाणा नखाने दाबला की दुधासारखा पांढरा चीक बाहेर येतो. आणखी काही दिवस गेले की दाणा हुरड्यात येतो. आतला गर घट्ट होतो, पण तो अजून लुसलुशीत असतो. मग आगटी पेटते, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं भाजली जातात आणि गरम कणीस चोळून काढलेले हिरवट दाणे चटणी-गुळाबरोबर पुढ्यात येतात. हुरडा गोड लागतो. त्यासाठी गूळभेंडीसारखे वाण शेतकरी मुद्दाम वेगळे राखतात. पण त्याच कणसाला आठ-दहा दिवस उशीर झाला तर दाणा निबर होतो आणि गोडी उतरते. पुढे तो कडक होऊन खळ्यावर येतो, दळला जातो आणि भाकरीचं पीठ होतो. त्या पिठाची चिमूट जिभेवर ठेवून पाहा, गोडी जवळपास संपलेली असते.

ती गोडी दाण्याबाहेर कुठेही गेलेली नसते. साखरेचे सुटे रेणू एकमेकांना जोडले गेले आणि त्यांचा स्टार्च झाला, एवढाच फरक. जिभेला सुटी साखर कळते, स्टार्चच्या लांब साखळ्या कळत नाहीत. ही जोडणी दाण्यातली मोजकी एन्झाइम, म्हणजे विकरं करतात. विकरं ही प्रथिनं असतात आणि प्रत्येक विकर एक ठरावीक रासायनिक काम करतं. जगभरातल्या माणसांच्या आहारातली जवळपास निम्मी ऊर्जा तृणधान्यांतून येते आणि तृणधान्याच्या दाण्याचा सर्वांत मोठा भाग स्टार्चच असतो. त्यामुळे भाताचा मऊपणा, भाकरीचा पोत, मक्याची गोडी, गव्हाच्या दाण्याचं वजन आणि उन्हाच्या झळीत होणारं पिकाचं नुकसान, या सगळ्यांचा हिशेब शेवटी याच विकरांपाशी येऊन थांबतो.

साखर साठवली तर काय बिघडतं?

पान उन्हात साखर बनवतं आणि ती सुक्रोजच्या रूपात, म्हणजे आपण चहात घालतो त्याच साखरेच्या रूपात, रसवाहिन्यांतून दाण्याकडे पाठवतं. दाण्यात एका बाजूला भ्रूण असतो, उद्याचं रोप. उरलेला बहुतेक भाग भ्रूणपोषाचा. बी रुजल्यावर पहिलं पान उन्हात उघडेपर्यंत रोपाला याच साठ्यावर जगायचं असतं.

हा साठा साखरेच्याच रूपात का ठेवला जात नाही? कारण साखर पाण्यात विरघळते आणि स्वतःकडे पाणी ओढून घेते. साखरेने भरलेली पेशी पाण्याने तट्ट फुगेल, दाणा नीट वाळणार नाही आणि वाळला तर सुरकुतेल. ग्लुकोजचे हजारो रेणू जोडून एक मोठा, न विरघळणारा रेणू केला की पाण्याचा हा प्रश्न मिटतो. भरपूर ऊर्जा थोड्या जागेत कोरडी राहते. म्हणूनच ज्वारी-गहू कणगीत महिनोन् महिने टिकतात.

स्टार्चमध्ये दोन प्रकारचे रेणू असतात. अमायलोज ही ग्लुकोजची जवळजवळ सरळ साखळी. अमायलोपेक्टिन मात्र फांद्यांनी भरलेलं असतं. साधारण वीस-पंचवीस ग्लुकोजमागे एक फांदी फुटते आणि एकेका रेणूत ग्लुकोजची संख्या लाखांत जाऊ शकते. नेहमीच्या धान्यात अमायलोजचा वाटा २० ते ३० टक्के आणि उरलेला सगळा अमायलोपेक्टिनचा. हे दोन्ही मिळून स्टार्चचे घट्ट कण बनतात. गव्हात दोन आकारांचे कण सापडतात, वीस ते तीस मायक्रॉनच्या चपट्या चकत्या आणि दहा मायक्रॉनहून लहान गोल कण. तांदळाचे कण अगदी बारीक आणि कोनदार असतात आणि ते झुपक्याने तयार होतात.

या कणांच्या आत कमालीची शिस्त असते. अमायलोपेक्टिनच्या फांद्या जोडीजोडीने एकमेकींना पीळ घालतात, हे पीळ शेजारी शेजारी लागून स्फटिक बनतात आणि स्फटिकाचा एक थर व सैल भागाचा एक थर अशी जोडी दर नऊ नॅनोमीटरला पुन्हा येते. गहू, मका, तांदूळ, बटाटा, कशातलाही स्टार्च घ्या, हे नऊ नॅनोमीटरचं अंतर जवळपास तेच भरतं. इतका नेमका रेणू नुसत्या योगायोगाने तयार होत नाही. फांदी कुठे फुटावी, किती वाढावी, कुठली काढून टाकावी, यावर विकरांचं नियंत्रण असतं.

कॅम्ब्रिजचा बटाटा आणि ब्युनॉस आयर्समधलं घर

स्टार्च कोण बनवतं, या प्रश्नाला पहिलं उत्तर मिळालं ते बटाट्यातून. १९४० साली चार्ल्स हेन्स या शास्त्रज्ञाने कॅम्ब्रिजमध्ये बटाट्यातलं फॉस्फोरिलेज नावाचं विकर वेगळं केलं आणि ग्लुकोज-१-फॉस्फेटपासून परीक्षानळीत स्टार्चसारख्या साखळ्या तयार करून दाखवल्या. वनस्पतीही असाच स्टार्च बनवत असणार, असं त्यानंतर बरीच वर्षं मानलं गेलं. पण त्यात एक अडचण होती. फॉस्फोरिलेज दोन्ही दिशांनी काम करतं, ते साखळी जोडतं तशीच तोडतंही. जिवंत पेशीतली परिस्थिती बहुधा तोडण्यालाच अनुकूल असते.

खरा रस्ता सापडला तो अर्जेंटिनात. ब्युनॉस आयर्समधल्या एका लहानशा घरात १९४७ साली एक संशोधन संस्था सुरू झाली होती. लुइस लेलुआर तिचे प्रमुख होते. सजीव पेशी साखर वापरण्याआधी तिला न्यूक्लिओटाइडची मूठ जोडून घेते आणि तशी सक्रिय झालेली साखरच पुढच्या जोडणीत वापरली जाते, हे त्यांनी दाखवून दिलं. १९६० मध्ये त्यांच्या गटातल्या फेकेते आणि कार्डिनी यांच्यासह लेलुआर यांनी पाहिलं की स्टार्चच्या कणाला स्वतःलाच एक विकर घट्ट चिकटलेलं असतं आणि ते यूडीपी-ग्लुकोजमधलं, म्हणजे यूडीपी या न्यूक्लिओटाइडची मूठ लागलेलं, ग्लुकोज उचलून साखळीला जोडतं. पुढच्याच वर्षी त्यांनी रेकोंडो यांच्यासह यूडीपीच्या जागी एडीपी-ग्लुकोज वापरून पाहिलं आणि तेच काम कितीतरी वेगाने झालं. लगोलग एडीपी-ग्लुकोज तयार करणारं विकरही सापडलं. या सगळ्या कामासाठी लेलुआर यांना १९७० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आज या मार्गाच्या पायऱ्या स्पष्ट झाल्या आहेत. दाण्यात आलेलं सुक्रोज आधी सुक्रोज सिंथेज हे विकर फोडतं. त्यातलं ग्लुकोज पुढे ग्लुकोज-१-फॉस्फेट होतं. मग एडीपी-ग्लुकोज पायरोफॉस्फोरिलेज, ज्याला शास्त्रज्ञ थोडक्यात एजीपेज म्हणतात, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीचा एक रेणू खर्चून एडीपी-ग्लुकोज तयार करतं. तिथून पुढे हे ग्लुकोज स्टार्चकडेच जातं. म्हणून दाण्यात किती स्टार्च भरणार, हे ठरवण्यात एजीपेजचा वाटा मोठा असतो.

तृणधान्यांचं इथे एक वेगळेपण आहे. पानात किंवा बटाट्यात एजीपेज स्टार्च बनतो त्याच कोशिकांगात, म्हणजे पेशीतल्या आवरण असलेल्या कप्प्यात, असतं. गवत कुळातल्या पिकांच्या भ्रूणपोषात मात्र ते बहुतांशी बाहेर, पेशीद्रवात असतं. तिथे तयार झालेलं एडीपी-ग्लुकोज अमायलोप्लास्ट या स्टार्च बनवणाऱ्या कोशिकांगाच्या आवरणातून आत न्यायला एक खास वाहक प्रथिन लागतं. हा वाहक बिघडलेल्या मक्याचा दाणा खोलगट आणि ठिसूळ निघतो.

बिघडलेला दाणा, उलगडलेलं काम

या विकरांची कामं कळली ती प्रामुख्याने बिघाडांमधून. मक्याच्या कणसावर शेकडो दाणे उघडे मांडलेले असतात, वेगळा दाणा नजरेतून सुटत नाही. सुरकुतलेले, पारभासक, मेणचट दाणे अमेरिकेतल्या मका-अभ्यासकांनी दशकानुदशकं जपून ठेवले होते. त्या दाण्यांत नेमकं कोणतं विकर गायब आहे, हे ऑलिव्हर नेल्सन यांनी साठच्या दशकात शोधायला घेतलं.

१९६६ साली साय आणि नेल्सन यांनी ‘श्रंकन-२’ या सुरकुतलेल्या मक्यात एजीपेज जवळजवळ नसल्याचं दाखवलं. साखर येते, पण तिचा स्टार्च होत नाही, म्हणून ती दाण्यात साखर म्हणूनच राहते. इलिनॉय विद्यापीठातले जॉन लॉनन यांनी हे दाणे वाळल्यावर चाखून पाहिले होते आणि त्यांची विलक्षण गोडी १९५३ साली नोंदवली होती. त्यातूनच पुढे अतिगोड मका आला. आज शहरांत लोणी-मसाला लावून कपात मिळणाऱ्या स्वीट कॉर्नच्या अनेक संकरित वाणांत हाच बिघाड मुद्दाम जपलेला असतो. जुन्या गोड मक्याची कणसं तोडल्यावर गोडी लवकर उतरायची, कारण दाण्यात साखर मुळात कमी आणि तिचा स्टार्च होणं चालूच. श्रंकन-२ मध्ये तो रस्ताच अडलेला असल्याने गोडी कितीतरी दिवस टिकते. याची किंमतही असते. बियाण्यात साठा कमी, म्हणून ते हलकं, सुरकुतलेलं आणि उगवायला नाजूक असतं.

उलट बाजूचा प्रयोगही झाला. एजीपेजच्या मोठ्या घटकात दोन अमिनो आम्लांची भर पडलेला मका १९९६ साली संशोधकांनी पुढे आणला. या बदलामुळे दाण्याचं वजन ११ ते १८ टक्क्यांनी वाढलं. एका विकरातल्या एवढ्याशा फरकाने दाणा इतका भरू शकतो.

निळा आणि तांबूस

दुसरी गोष्ट मेणचट मक्याची. १९०८ साली शांघायहून फार्नहॅम नावाच्या मिशनऱ्याने चिनी मक्याचं बियाणं अमेरिकेच्या कृषी खात्याला पाठवलं. त्याचा दाणा कापला की आतला भाग मेणासारखा दिसे, म्हणून त्याचं नाव ‘वॅक्सी’ पडलं. या दाण्यावर आयोडीन टाकलं की तो निळा-काळा न होता तांबूस होतो. अमायलोजची सरळ साखळी मळसूत्रासारखी वळते आणि तिच्या पोकळीत आयोडीनची रांग बसते, त्यातून गडद निळा रंग येतो. अमायलोपेक्टिनच्या आखूड फांद्यांत तेवढी लांब रांग बसत नाही, म्हणून तांबूस रंग येतो. वॅक्सी मक्यात अमायलोज जवळजवळ नसतंच.

ही परीक्षा घरी सहज करता येते. बासमतीचा दाणा अर्धा तोडावा, तुटलेल्या बाजूवर जखमेला लावायच्या आयोडीनचा एक थेंब टाकावा, निळा-काळा डाग उमटतो. आसामचा बोरा साऊल हा चिकट तांदूळ मिळाला तर शेजारी ठेवून तीच परीक्षा करावी, त्याचा डाग तपकिरी-तांबूस येतो. भांडी दोन नकोत, सूक्ष्मदर्शक नको, एका थेंबात एका विकराचं असणं-नसणं डोळ्यांना दिसतं.

ते विकर म्हणजे लेलुआर यांच्या गटाला दिसलेलं, कणाला चिकटलेलं स्टार्च सिंथेज. वॅक्सी मक्यात तेच नसतं, हे नेल्सन आणि राइन्स यांनी १९६२ साली सिद्ध केलं. अमायलोज बनवण्याची जबाबदारी जवळजवळ एकट्या या विकराची असते.

वॅक्सी जनुकाने आनुवंशिकीलाही बरंच दिलं. ज्या मक्यात या जनुकाची एक चांगली आणि एक बिघडलेली प्रत असते, त्याचे परागकण आयोडीनमध्ये टाकले की निम्मे निळे होतात आणि निम्मे तांबूस. हे निरीक्षण १९२४ साली प्रसिद्ध झालं. जनुकाच्या दोन प्रती वेगळ्या होऊन निम्म्या निम्म्या वाटल्या जातात हा मेंडेलचा नियम, पुढच्या पिढीची वाट न पाहता, एका काचपट्टीवर दिसला. हॅरिएट क्रेटन आणि बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९३१ मध्ये गुणसूत्रांच्या तुकड्यांची खरोखर देवाणघेवाण होते हे दाखवलं, तेव्हा खुणेसाठी वापरलेल्या जनुकांत वॅक्सी होतं. पुढे मॅक्लिंटॉक यांनी शोधलेली जागा बदलणारी जनुकं, ज्यांसाठी त्यांना १९८३ चं नोबेल मिळालं, तीही अनेकदा याच वॅक्सी जनुकात शिरून बसलेली सापडली.

युद्धानेही या मक्याला महत्त्व आणलं. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशिया जपानच्या ताब्यात गेला आणि अमेरिकेला येणारा टॅपिओकाचा स्टार्च थांबला. गोंद, खळ आणि खाद्यपदार्थांसाठी त्याची जागा वॅक्सी मक्याने भरून काढली. आयोवात त्याच्या संकरित वाणांवर आधीच काम झालेलं असल्याने पेरणी वेगाने वाढवता आली.

गव्हात हे काम अवघड होतं. रोजच्या गव्हात तीन जनुकसंचांमुळे या विकराच्या तीन प्रती असतात, एक बिघडली तर उरलेल्या दोन तिची उणीव भरून काढतात. जपानी संशोधकांना कांतो १०७ या वाणात दोन प्रती आणि बाई हुओ या चिनी वाणात तिसरी प्रत निकामी असल्याचं आढळलं. दोहोंचा संकर करून १९९५ साली त्यांनी अमायलोज नसलेला गहू तयार केला. जपानी उदोन शेवयांना मऊ, लवचीक चावा येतो तोही या तीन प्रतींपैकी एक नसलेल्या गव्हातून. एका प्रतीचा फरक जेवणाऱ्याच्या दातांना कळतो.

फांदी लावणारे, फांदी छाटणारे

अमायलोपेक्टिन बनवायला विकरांचा एक गटच लागतो. विद्राव्य स्टार्च सिंथेजची चार मुख्य रूपं साखळ्या वाढवतात आणि त्यांनी काम लांबीनुसार वाटून घेतलेलं असतं. पहिलं रूप आखूड फांद्या करतं. दुसरं त्या आखूड फांद्या मध्यम लांबीच्या करतं. तिसरं एका झुपक्यापासून दुसऱ्यापर्यंत जाणाऱ्या लांब साखळ्या ओढतं. चौथं नव्या कणाची सुरुवात करून देण्यात भाग घेतं.

फांदी फुटते ती शाखाकारक विकरामुळे. ते वाढलेल्या साखळीचा तुकडा कापतं आणि बाजूला, वेगळ्या प्रकारच्या बंधाने, जोडून देतं. मक्यात आणि तांदळात भ्रूणपोषासाठी खास असलेलं शाखाकारक विकर नसलं तर फांद्या कमी आणि लांब होतात. मक्यात तर अमायलोजचं मोजमाप ५० टक्क्यांच्या वर जातं. असा स्टार्च लहान आतड्यात पुरता पचत नाही, मोठ्या आतड्यात जातो आणि तिथल्या उपयुक्त जिवाणूंचं अन्न होतो.

या विकराचा एक बिघाड तर जगप्रसिद्ध आहे, फक्त तो धान्यातला नसून वाटाण्यातला आहे. मेंडेलने १८६६ साली ज्या गोल आणि सुरकुतलेल्या वाटाण्यांचा हिशेब छापला, त्यातल्या सुरकुतलेल्या वाटाण्याचं कारण १९९० मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी शोधलं. शाखाकारक विकराच्या जनुकात जागा बदलणाऱ्या डीएनएचा एक तुकडा घुसून बसला होता. विकर निकामी, स्टार्च कमी, साखर जास्त, म्हणून दाण्यात पाणी जास्त आणि वाळताना सुरकुत्या. आनुवंशिकीचा पाया ज्या दाण्यांवर रचला गेला, ते स्टार्चच्या एका विकराअभावी सुरकुतलेले होते.

शेवटचा गट फांद्या काढून टाकणाऱ्या विकरांचा. जोडणी चाललेली असताना तोडणारं विकर कशाला हवं, हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. उत्तर जुन्या गोड मक्यातून मिळालं. ‘शुगरी-१’ या मक्याचं जनुक १९९५ साली हाती आलं, तेव्हा ते फांद्या तोडणाऱ्या आयसोअमायलेजचं निघालं. ते नसलं की फांद्या कुठेही, कशाही, दाट फुटतात. पीळ शेजारी शेजारी बसत नाहीत, स्फटिक होत नाही आणि स्टार्चऐवजी पाण्यात विरघळणारं फायटोग्लायकोजेन साठतं. नाशिकच्या द्राक्षबागेत छाटणी चुकली की वेल पाल्याने माजतो आणि घड येत नाहीत, तसाच हा प्रकार. नको त्या जागच्या फांद्या वेळीच निघाल्या तर उरलेल्या ओळीत बसतात आणि कण घट्ट होतो.

ही विकरं एकेकटी काम करत नाहीत. गहू आणि मक्याच्या भरत्या दाण्यांत साखळी वाढवणारी आणि फांदी लावणारी विकरं एकमेकांना प्रत्यक्ष धरून बसलेली आढळली आहेत. त्यामुळे एक निघालं की इतरांचंही काम ढासळतं. आणि हेन्स यांचं फॉस्फोरिलेज? जपानमध्ये ते विकर नसलेला भात वाढवला गेला, तेव्हा ३० अंश तापमानात बहुतेक दाणे भरले, पण २० अंशांवर अनेक दाणे पोचट राहिले. थंडीत कणांची सुरुवात करून देण्यात त्याचा हात असतो. १९४० चा शोध अगदीच वाया गेला नव्हता.

भाताच्या पातेल्यात

कोणता तांदूळ कसा शिजेल, हे आपल्याकडे घरोघरी माहीत असतं. मऊ, आसट भात हवा असेल तर आंबेमोहर किंवा इंद्रायणी, पुलाव करायचा तर बासमती. याच्या मुळाशी तेच वॅक्सी जनुक असतं. इंडिका प्रकारच्या अनेक तांदळांत त्याची जोमदार प्रत असते आणि अमायलोज २५ टक्क्यांच्या वर जातं. हा भात मोकळा होतो आणि थंड झाल्यावर कडक पडतो. जपानी प्रकारच्या तांदळात या जनुकातलं एकच अक्षर बदललेलं आहे. त्यामुळे विकर कमी बनतं, अमायलोज २० टक्क्यांच्या खाली राहतं आणि भात चिकटतो. पूर्ण चिकट तांदळात ते जनुक निकामीच असतं. बासमती मधल्या गटात, २० ते २५ टक्क्यांत बसतो.

आपल्या इंद्रायणीची जात आंबेमोहर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झाली आणि १९८७ मध्ये प्रसारित झाली. एका बाजूला मावळचा मऊ, वासाचा तांदूळ, दुसऱ्या बाजूला हरितक्रांतीचं भरघोस उत्पन्न देणारं, पण कोरडा भात होणारं वाण. पैदासकाराने केवळ उत्पन्न पाहिलं असतं तर इंद्रायणी पुण्याच्या घरांत इतका रुजला नसता.

दुसरं विकर शिजण्याचं तापमान ठरवतं. मध्यम फांद्या करणारं स्टार्च सिंथेज पूर्ण क्षमतेचं असेल तर पीळ लांब आणि स्फटिक पक्के होतात, ते उकलायला जास्त उष्णता लागते. त्यामुळे एक तांदूळ लवकर शिजतो आणि दुसरा वेळ घेतो.

आरोग्याचा संबंधही इथेच येतो. फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या पुढाकाराने २३५ वाणांची तपासणी झाली. २०११ साली समोर आलेल्या निष्कर्षात त्यांचा ग्लायसेमिक निर्देशांक, म्हणजे खाल्ल्यावर रक्तातली साखर किती वाढते याचं माप, ४८ पासून ९२ पर्यंत पसरलेला होता आणि या फरकामागे वॅक्सी जनुकाचा वाटा मोठा होता. भारतात मोठ्या प्रमाणावर पिकणारा स्वर्णा त्यात कमी निर्देशांकाच्या बाजूला निघाला. भात म्हणजे साखर वाढवणारा पदार्थ, असं सरसकट म्हणणं म्हणूनच बरोबर नाही. कोणता भात, हे आधी विचारायला हवं. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संस्थेने एका स्टार्च सिंथेजचा बिघाड असलेलं बार्ली आणि शाखाकारक विकर कमी केलेला गहू याच विचाराने तयार केले.

मार्चचं ऊन

या विकरांची एक दुबळी बाजू आहे आणि तिचा फटका आता शेतात दिसू लागला आहे. गव्हाच्या दाण्यातलं विद्राव्य स्टार्च सिंथेज उष्णतेला हळवं असतं. तापमान २५ अंशांच्या वर चढू लागलं की त्याची क्रियाशीलता घटते, हे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला झालेल्या प्रयोगांतून दिसलं. पानं साखर पाठवत असतात, सुक्रोज दाण्यापर्यंत पोचतही असतं, पण शेवटची जोडणी अडते. त्यात उष्णतेमुळे पीक लवकर पक्व होतं आणि दाणा भरायला मिळणारे दिवस कमी होतात. हलका, चिपाड दाणा हाती येतो.

२०२२ चा मार्च हा भारतात १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत उष्ण मार्च ठरला. नेमका तेव्हा उत्तर भारतात गव्हाचा दाणा भरत होता. फेब्रुवारीत ११.१३ कोटी टनांचा असलेला उत्पादनाचा सरकारी अंदाज मे महिन्यात १०.६४ कोटी टनांवर आला आणि १३ मे रोजी गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली गेली. जगाच्या बाजारपेठेला बसलेल्या त्या धक्क्याच्या मागे दाण्यातल्या विकरांवर पडलेली ती झळही होती. महाराष्ट्रात बागायती गव्हाची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावी, अशी शिफारस कृषी विद्यापीठं करत आली आहेत. तिच्यामागचं एक मोठं कारण हेच, की फेब्रुवारीच्या शेवटी ऊन तापायच्या आत दाणा भरून झालेला असावा.

भाताचंही तसंच आहे. दाणा भरताना उष्णता वाढली की स्टार्च बनवणाऱ्या विकरांची जनुकं मंदावतात, स्टार्च फोडणारी अमायलेज वाढतात आणि कण सैल बसतात. कणांमध्ये हवा राहते, दाणा खडूसारखा पांढुरका दिसतो आणि गिरणीत त्याची कणी होते. २०२३ च्या कडक उन्हाळ्यात जपानच्या निगाता प्रांतातल्या नामांकित कोशिहिकारी तांदळाचा फारच थोडा वाटा पहिल्या प्रतीत बसू शकला.

उपाय शोधणं चालू आहे. उष्णतेत न बिघडणाऱ्या एजीपेजचे प्रकार मक्यात प्रयोगशाळेत निवडले गेले आहेत. उष्ण रात्रींतही दाणा स्वच्छ भरणारी भाताची वाणं जपान आणि फिलिपीन्समध्ये पारखली जात आहेत. पण विकराचं टिकाऊ रूप कुठून तरी सापडावं लागतं आणि ते सापडण्याची मोठी शक्यता शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या राखलेल्या वाणांत असते.

चिकट भात, गोड मका, हुरड्याची ज्वारी, मऊ शेवयांचा गहू, हे सगळं माणसाने विकर हा शब्दही माहीत नसताना, जिभेने आणि हाताने निवडलं. शास्त्राने गेल्या ऐंशी वर्षांत त्यामागची कारणं दाखवली. आता दोन्ही बाजूंनी जबाबदारी वाढली आहे. वाण निवडताना एकरी किती पोती, एवढाच प्रश्न पुरणार नाही. दाणा भरताना किती ऊन सोसेल, त्याचा स्टार्च कसा पचेल आणि तो ताटात कसा लागेल, हेही विचारावं लागेल. तुमच्या गावात एखादी जुनी ज्वारी, एखादा मागे पडलेला भात अजून कुणाकडे असेल, तर त्याचं मूठभर बियाणं दर हंगामात पेरून जिवंत ठेवा आणि जवळच्या कृषी विद्यापीठालाही त्याची खबर द्या. एकदा हरवलेलं वाण पुन्हा घडवता येत नाही.